हातधुलाई यंत्र

हातधुलाई यंत्र : वीज किंवा वाफ न वापरता, हाताने मूठ, दांडा किंवा चाक फिरवून कपडे धुण्याचे यंत्र. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात त्याला आकार आला, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ते मोठ्या संख्येने विकले गेले आणि 1910 नंतर विजेच्या मोटरीने हळूहळू त्याची जागा घेतली. धोपाटणे किंवा दात्यांची घासफळी यांना यंत्र म्हणता येत नाही. ती हाताची ताकद एका जागी आणतात, हाताची हालचाल मात्र तीच राहते. हातधुलाई यंत्रात हात एक हालचाल करतो आणि कपड्याला दुसरीच मिळते. हा बदल दांडे, दाते आणि खुंट्या घडवून आणतात.

या यंत्राविषयी लिहिताना बहुतेक जण मूठ, चक्री आणि पिंप यांच्यापाशी थांबतात. पिंपात ओतायचे पाणी गृहीत धरले जाते. बारमाही नदी नसलेल्या, खाऱ्या विहिरींच्या कतारमध्ये हे यंत्र नेऊन पाहिले की पाणी हा त्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग असल्याचे कळते. म्हणून या नोंदीत रचनेबरोबर कतारच्या पाण्याचाही विचार केला आहे.

हाताच्या क्रिया आणि यंत्राचे प्रकार : कपडे धुताना हात पाच वेगळ्या गोष्टी करतो. आपटणे, चोळणे, चुबकणे, खळबळणे आणि पिळणे. नदीवर धुणे धुणाऱ्या बाईच्या हातात या क्रिया एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात की कुठली केव्हा संपली ते कळत नाही. कॉलर दिसली की ती चोळते, चादर आली की आपटते, रेशमी काठ आला की नुसते चुबकते. यंत्र बनवणाऱ्याला मात्र या पाचांतून एक-दोन निवडाव्या लागल्या, आणि त्या निवडीवरून यंत्राचे प्रकार पडले.

पहिला प्रकार घुसळण्याचा. उभ्या पिंपात खाली खुंट्या असलेला खांब किंवा चकती असते आणि ती ताकातल्या रवीसारखी मागेपुढे फिरते. दुसरा पाळण्याचा. अर्धगोल तळाची पेटी झोक्यासारखी हलवली की पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावते आणि कपड्यांतून आरपार जाते. तिसरा चोळण्याचा. दोन दातेरी पृष्ठभागांमध्ये कपडा धरून वरचा पृष्ठभाग दांड्याने पुढेमागे सरकवतात. चौथा पिंजऱ्याचा. लाकडी पट्ट्यांचा किंवा भोके पाडलेल्या पत्र्याचा आडवा नळा पाण्यात फिरतो, कपडे वर उचलले जातात आणि आपल्याच वजनाने खाली पडतात. आपटण्याची क्रिया एवढ्या सौम्यपणे करणारा दुसरा प्रकार नाही. आजच्या समोरून उघडणाऱ्या विजेच्या यंत्राचे पोट हे या पिंजऱ्याचेच रूप आहे.

इतिहास : जर्मनीतील रेगेन्सबुर्गचे धर्मोपदेशक आणि निसर्गअभ्यासक याकोब क्रिस्टियान शेफर (1718–1790) यांनी 1760 च्या दशकात घुसळण्याच्या प्रकारचे यंत्र तयार करून त्यावर सचित्र पुस्तिका छापली. हेच शेफर बुरशीच्या जातींची चित्रे काढत आणि निरनिराळ्या वनस्पतींपासून कागद करून पाहत. घरकामाच्या कष्टांचा विचार अशा अभ्यासकाला करावासा वाटला, याची नोंद घ्यायलाच हवी. लंडनमध्ये हेन्री सिजर यांनी 1782 मध्ये फिरत्या पिंजऱ्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. कॅनडातील न्यू ब्रन्सविकचे जॉन टर्नबुल यांनी 1843 मध्ये धुण्याच्या पिंपालाच पिळण्याचे रूळ जोडले. अमेरिकेत जेम्स किंग (1851) आणि पिट्सबर्गचे हॅमिल्टन स्मिथ (1858) यांनी फिरत्या पिंपाची पेटंटे घेतली. आयोवातील न्यूटन गावी मेटॅग कंपनीने 1907 मध्ये लाकडी पिंपाचे, हाताने चालवायचे पहिले यंत्र बाजारात आणले. शिकागोच्या हर्ली कंपनीच्या ‘थॉर’ या विजेच्या यंत्राशी निगडित अल्वा फिशर यांचे पेटंट 1910 चे आहे.

ब्लॅकस्टोन यांचे यंत्र : रचना समजून घ्यायला इंडियानातील ब्लफ्टन गावच्या विल्यम ब्लॅकस्टोन यांचे 1874 चे यंत्र सर्वांत सोयीचे. त्यांनी ते पत्नीला वाढदिवसाची भेट म्हणून बनवले असे सांगतात. उभ्या फळ्यांना बाहेरून कडी ठोकून केलेले लाकडी पिंप, वर झाकण, झाकणातून खाली गेलेला दांडा, दांड्याच्या टोकाला सपाट लाकडी चकती आणि चकतीच्या खालच्या अंगाला सहा आखूड खुंट्या. झाकणावरची मूठ फिरवली की दातेरी चाकांतून गती दांड्याकडे जाते. खुंट्या कपड्यांत अडकतात, त्यांना थोडे पुढे ओढतात, मग मागे आणतात.

हे मागे आणणे महत्त्वाचे आहे. चकती एकाच दिशेने फिरत राहिली तर पाचव्या-सहाव्या फेऱ्यात सगळे कपडे एकमेकांभोवती गुंडाळून दोरखंड होतो. धोतर, बंडी, चादर सगळे एका पिळात. मग पाणी आत शिरत नाही आणि मूठही जड होते. अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे अशी गती दिली की कपडा दर वेळी सुटतो आणि सुटताना पाणी आत ओढून घेतो. मळ घालवण्याचे काम या आत-बाहेर होणाऱ्या पाण्याने केले, खुंट्यांनी फक्त कपडा हलवला.

पिळण्याचे रूळ हा हातधुलाई यंत्राचा स्वतंत्र आणि माझ्या मते सर्वांत उपकारक भाग. मनगटे सर्वांत जास्त दुखतात ती पिळताना. एकमेकांवर दाबून बसवलेले दोन रूळ, वर दाब कमी-जास्त करण्याचा स्क्रू, बाजूला मूठ. ओल्या चादरीचे टोक रुळांत धरून मूठ फिरवली की चादर पलीकडून चपटी होऊन निघते आणि पाणी पुन्हा पिंपात पडते. त्यात बटणे फुटत आणि बेसावध बोटे सापडत, हे दोष शेवटपर्यंत राहिले. पण पिळलेले पाणी परत पिंपात पडणे ही गोष्ट लक्षात ठेवावी.

यंत्राची गृहीतके : ही सगळी यंत्रे पावसाच्या, नद्यांच्या आणि जंगलांच्या प्रदेशांत घडली. त्यांच्या रचनेत तीन गोष्टी न सांगता धरलेल्या आहेत. पाणी भरपूर असेल, ते मृदू असेल, आणि लाकडी पिंप कायम ओले राहील. शेवटचे गृहीतक क्षुल्लक वाटते, पण फळ्यांचे पिंप पाण्याने फुगूनच घट्ट बसते. काही दिवस कोरडे पडले की फळ्या आकसतात आणि सांध्यांतून गळती लागते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे पिंप या दोषातून सुटते, मात्र खाऱ्या पाण्यात तो मुलामा लवकर खाल्ला जातो.

कतारमधील पाणी : कतारमध्ये वर्षाचा पाऊस सरासरी 80 मिलिमीटरच्या आसपास पडतो. आपल्याकडे दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माण-खटाव भागातही याच्या कित्येक पट पाऊस होतो. जमिनीखाली चुनखडी आणि जिप्समचे थर आहेत, त्यामुळे विहिरीचे पाणी कठीण असते. उत्तरेकडे ते त्यातल्या त्यात बरे, दक्षिणेकडे जास्त खारे. दोहा शहरातील मुशैरिब या भागाचे नावच पाणी पिण्याच्या जागेवरून पडले आहे. तिथल्या विहिरींवर जुने दोहा अवलंबून होते. घरी पाणी पोचवणाऱ्याला कंदरी म्हणत. खांद्यावर आडवी काठी आणि दोन्ही टोकांना पत्र्याचे डबे. मराठी वाचकाला कावड म्हटले की चित्र डोळ्यांपुढे येईल.

आता हिशेब मांडून पाहावा. रॉकेलचा डबा साधारण 18 लिटरचा, म्हणजे कावडीच्या एका खेपेत 36 लिटर. ब्लॅकस्टोनच्या पद्धतीच्या मध्यम पिंपाला 50 लिटर धरले आणि एक धुणे, दोन खळबळणी असा क्रम धरला तर 150 लिटर लागतात. एका धुण्याला चार खेपांहून अधिक पाणी. जिथे तेच पाणी प्यायचे, त्यातच स्वयंपाक करायचा आणि जनावरांनाही पाजायचे, तिथे मनगटाचे कष्ट वाचवणाऱ्या यंत्राने खांद्याचे कष्ट वाढवले असते. आणि कंदरीच्या खेपेला पैसे पडत.

पाण्याच्या प्रमाणाइतकीच त्याची जातही आड येते. कठीण पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचा साबणाशी संयोग होऊन न विरघळणारा करडा साका तयार होतो. फेस येत नाही, साबण वाया जातो आणि साका कपड्यावर बसून कापड कडक होते. हाताने धुणारी व्यक्ती साक्याचा थर बोटाने ओळखते आणि तेवढाच भाग पुन्हा घासते. पिंपात चकती कितीही फिरवली तरी साका कपड्यांतच घोळत राहतो.

शनान : कठीण पाण्यावरचा उपाय कतारच्या जमिनीतच उगवत होता. किनाऱ्यालगतच्या खारवट सपाट जमिनीत शनान नावाचे बुटके, मांसल पानांचे झुडूप येते (शास्त्रीय नाव सायड्लिट्झिया रोस्मारिनस). त्याची पाने वाळवून, कुटून पाण्यात घालत आणि त्या पाण्यात कपडे चुबकून धुवत. अशा क्षारप्रिय झुडपांमध्ये सोडियमचे क्षार साठलेले असतात आणि त्यांच्या राखेत सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, असतो. सोडा कठीण पाण्यातले कॅल्शियम खाली बसवतो आणि कपड्यावरच्या तेलकट मळाशी मिळून थोडाफार साबणही तयार करतो. आपल्याकडचा सज्जीखार याच जातीच्या झुडपांच्या राखेचा. परीट भट्टी लावताना खार वापरत ते याच कारणाने. अरबीत अशा राखेला ‘कली’ म्हणतात, आणि रसायनशास्त्रातला ‘अल्कली’ हा शब्द याच ‘अल्-कली’वरून जगभर गेला.

मला शनान हे हातधुलाई यंत्राच्या इतिहासातच मोडणारे वाटते. यंत्रकारांनी पाणी हलवण्याचा मार्ग शोधला, वाळवंटातल्या बायकांनी पाणी बदलण्याचा. दुसऱ्या मार्गाला पेटंट नाही आणि शोधणारीचे नावही नाही, म्हणून यंत्रांच्या इतिहासात त्याला जागा मिळत नाही. ती मिळायला हवी.

तेलानंतर : दुखान इथे 1939 च्या अखेरीस तेल लागले, महायुद्धामुळे काम थांबले आणि पहिली निर्यात 1949 च्या शेवटी झाली. 1950 च्या दशकात समुद्राचे पाणी तापवून, वाफ थंड करून गोडे पाणी मिळवणारी संयंत्रे सुरू झाली. ऊर्ध्वपातनाने मिळालेल्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. पिण्यासाठी त्यात काही क्षार पुन्हा मिसळावे लागतात, तरीही विहिरीच्या पाण्याच्या तुलनेत ते खूपच मृदू. यंत्राने धरलेली पहिली दोन गृहीतके तेव्हा कतारमध्ये प्रथमच खरी ठरली. पण त्याच सुमारास वीजही आली होती, आणि अमेरिकेत हाताच्या मुठीने पन्नास-साठ वर्षे जे काम केले ते इथे सरळ मोटरीकडे गेले.

जुन्या दोह्यातील अल-जसरा आणि मुशैरिब या वस्त्यांच्या मध्ये 1920 च्या दशकात बांधलेले रदवानी घर आज मुशैरिब संग्रहालयांपैकी एक आहे. मधले अंगण, भोवती खोल्या, आणि कतारी कुटुंबाचे घरगुती जीवन कसे बदलत गेले याचे दर्शन. घरात वीज आल्यावर काय बदलले हे समजून घ्यायला ते अवश्य पाहावे.

धुणे घराबाहेर देण्याची सोय मात्र हिंदुस्थानातून आली. आखाती अरबीत कपडे धुणाऱ्याला ‘दोबी’ म्हणतात. अरबीत ‘ध’ नाही, म्हणून धोबीचा दोबी झाला. मोत्यांचा व्यापार मुंबईशी होता, कापड आणि तांदूळ मुंबईहून जात, आणि 1966 पर्यंत कतारमध्ये व्यवहार रुपयातच चाले. 1959 पासून त्यासाठी आखाती रुपयाच्या वेगळ्या नोटा निघाल्या. त्याच मुंबईत महालक्ष्मीचा धोबीघाट 1890 च्या सुमारास उभा राहिला. यंत्राशिवाय, दगडी हौद आणि आपटण्याचे दगड यांवर एवढ्या मोठ्या शहराचे कपडे धुता येतात याचे ते उदाहरण ठरले.

नंतरची हातयंत्रे : वीज आल्यावरही हाताच्या यंत्राची रचना संपली नाही. जपानमध्ये 1957 मध्ये निघालेले ‘कामोमे’ हे ॲल्युमिनियमच्या गोळ्याच्या आकाराचे यंत्र गरम पाणी आणि साबण आत कोंडून, त्या दाबावर थोड्या फेऱ्यांत कपडे धुवत असे. अलीकडच्या काळात ब्रिटिश अभियंता नवज्योत साहनी यांनी ‘द वॉशिंग मशीन प्रोजेक्ट’ ही संस्था काढली. तमिळनाडूत पुदुच्चेरीजवळच्या कुइलापालयम गावी असताना शेजारणीचे धुण्याचे हाल त्यांनी पाहिले आणि तिच्याच नावावरून आपल्या यंत्राचे नाव ‘दिव्या’ ठेवले. बाजूच्या मुठीने फिरणारा पिंजरा, एका वेळी सुमारे 5 किलो कपडे. इराकमधील मामरशान निर्वासित छावणीत ही यंत्रे 2021 मध्ये पोचली. दिव्याच्या रचनेत पाणी वाचवणे हा सुरुवातीपासूनचा हेतू आहे, आणि जुन्या यंत्रांपासून ती इथेच वेगळी पडते. मूठ जोरात फिरवली की तोच पिंजरा कपड्यांतले पाणी बाहेर फेकतो, त्यामुळे वेगळे रूळ लागत नाहीत.

आज दोह्यात वाटून घेतलेल्या खोल्यांमध्ये राहणारे अनेक जण दोन पोटांचे अर्धस्वयंचलित यंत्र वापरतात. एका पोटात धुणे, दुसऱ्यात पिळणे, आणि मधे ओले कपडे हाताने उचलून टाकणे. त्यातल्या धुण्याच्या पोटाच्या तळाशी उंचवटे असलेली चकती असते. ती थोडी पुढे फिरते, थांबते, मागे फिरते. झाकण उघडून पाहिले तर ब्लॅकस्टोनची सहा खुंट्यांची चकती ओळखू येते.