बांबू झाड की गवत? सामूहिक संपत्तीच्या अर्थविचाराची गडचिरोलीतील वाटचाल

अर्थशास्त्रातील अल्पमतातला विचार प्रतिपक्षाला वादात निरुत्तर करून मान्यता मिळवतो, अशी समजूत विद्वानांत रूढ असली, तरी चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या इतिहासात तिला फारसा आधार सापडत नाही. जंगल, कुरण, तलाव यांसारखी साधने खाजगी मालकाच्या किंवा सरकारी खात्याच्या स्वाधीन न करता, ती वापरणाऱ्या समूहानेच नियम घालून राखावीत आणि त्यांचे उत्पन्नही त्यानेच घ्यावे, हा विचार येथे रुजला. त्यासाठी ग्रंथांपेक्षा एका शब्दाची व्याख्या आणि एक परवानापुस्तक अधिक उपयोगी पडले.

जुन्या मध्य प्रांतातील चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या या दोन जिल्ह्यांच्या टापूत, जंगलाचा मोठा भाग जमीनदारांकडे होता. त्या जंगलातून घरापुरते लाकूड, बांबू आणि चारा घेण्याची गावकऱ्यांची वहिवाट होती, तिला निस्तार म्हणत. १९५० च्या कायद्याने जमीनदारी संपली आणि ही जंगले सरकारजमा झाली. निस्तार कागदोपत्री उरला, पण जंगल चालवण्याचा अधिकार वनखात्याकडे गेला. त्याआधीच, १९४५ साली, बल्लारपूर येथे कागद गिरणीची स्थापना झाली होती आणि पुढील काळात या टापूतील बांबू दीर्घ मुदतीच्या कराराने तिच्याकडे जाऊ लागला. राज्याने जंगल सांभाळावे, उद्योगाने कच्चा माल उचलावा आणि गावाने मजुरी करावी, ही मांडणी इतकी सर्वमान्य होती की तिला अर्थविचार म्हणण्याचीही कोणाला गरज वाटली नाही. १९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने सामाईक कुरणाचा नाश अटळ असल्याचे प्रतिपादन केले, तेव्हा या मांडणीला शास्त्राचा आधारही लाभला. हार्डिनचे कुरण बिननियमाचे होते, जगातील बहुतेक सामाईक कुरणे तशी नसतात, ही बाब मात्र बराच काळ दुर्लक्षित राहिली.

या बहुमताला विरोध करणारी परंपरा फार दूरची नव्हती. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा हे कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले हिशेबनीस होते. तुरुंगात लिहिलेल्या आणि १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी पुन्हा पुन्हा भरून येणारी साधने आणि वापरताच संपणारी साधने असा भेद करून पहिल्या प्रकारावर उभी राहणारी अर्थव्यवस्थाच टिकाऊ असते, असे मांडले. विनोबांच्या ग्रामदान चळवळीने जमिनीची मालकी गावाकडे नेण्याचा मार्ग सुचवला. परंतु संकल्पपत्रांवर जितक्या सह्या झाल्या तितकी शेते प्रत्यक्षात गावाच्या नावे झाली नाहीत, आणि नियोजनाच्या युगात हा सगळा विचार आदरणीय पण निरुपयोगी अशा कप्प्यात जाऊन पडला. त्याला आदर भरपूर मिळाला, उणीव होती ती जमाखर्चाची.

तो जमाखर्च मांडला गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या शंभराच्या आसपास घरांच्या गोंड गावाने. इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांना विरोध करण्यासाठी १९८० च्या दशकात उभ्या राहिलेल्या जंगल बचाव, मानव बचाव आंदोलनातून हे गाव जागे झाले. जयप्रकाशांच्या चळवळीतून आलेले मोहन हिराबाई हिरालाल आणि गावातील देवाजी तोफा यांनी तेथे अभ्यासगटाची पद्धत रुजवली. कायदा, जंगल, कर्ज यांपैकी ज्या विषयाची गरज पडेल त्याचा गट अभ्यास करी, निर्णय मात्र ग्रामसभा घेई आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असला की विषय पुढे ढकलला जाई. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेळेचा अपव्यय वाटे, परंतु अल्पमताला हरवण्याऐवजी थांबून ऐकण्याची सवय ज्या गावाला लागते, त्या गावाचा निर्णय पुढे कोणी सहजासहजी मोडत नाही, हा त्यातला व्यवहार होता. फळांसाठी झाड तोडायचे नाही, जंगलाची राखण आळीपाळीने करायची, असे नियम कायद्याची मान्यता मिळण्याच्या कितीतरी आधी तेथे पाळले जात होते. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाने सर्वतोमुखी केली.

याच सुमारास विद्याजगतातही वारे बदलत होते. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी कर्नाटकातील बांबूचा अभ्यास करताना, बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी आवरण साफ करण्याची खात्याची पद्धत कोवळ्या कोंबांना गुरांच्या तोंडी देते, ही गावकऱ्यांना ठाऊक असलेली गोष्ट नोंदवली होती. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० च्या ग्रंथात अनेक देशांतील उदाहरणांवरून दाखवले की हद्द ठरलेली असेल, नियम वापरणाऱ्यांनीच केले असतील, देखरेख आणि चढत्या क्रमाने दंड असेल आणि वरच्या सत्तेने समूहाचा अधिकार मानला असेल, तर सामाईक साधने पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले आणि त्याच वर्षी मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक वनहक्काचा दावा मान्य होऊन मिळाला. हा योगायोगच होता, पण बोलका.

हक्क मिळाला तरी बांबू विकता येईना, कारण १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू तेव्हा ‘झाड’ या व्याख्येत मोडत होता. झाड म्हटले की लाकूड आले, आणि लाकडावर खात्याचा अधिकार. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र बांबूला गौण वनोपजात, म्हणजे मोह, मध, डिंक यांच्या पंक्तीत बसवले होते. एकच वनस्पती एका कायद्यात खात्याची आणि दुसऱ्यात गावाची, असा हा पेच होता. त्याची सगळी गाठ वाहतूक परवान्यात, म्हणजे माल जंगलाबाहेर नेण्याच्या ‘टीपी’त अडकली होती. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत मेंढ्यात येऊन टीपीचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. वनक्षेत्राबाहेरील बांबू मूळ कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून निघण्यास २०१७ चा अध्यादेश यावा लागला. ग्रंथांनी जे अर्धशतकात साधले नव्हते ते त्या पुस्तकाने साधले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे वाटेल, परंतु शेजारच्या गावाला पटते ते तत्त्व नसून लिलावात आलेला दर असतो.

पुढे गडचिरोली जिल्ह्यातील १,३०० हून अधिक गावांना असे हक्क मिळाले आणि अनेक ग्रामसभा १९६९ पासून सरकारी मक्तेदारीत असलेला तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. या प्रसाराला मर्यादाही होत्या. कित्येक ठिकाणी ग्रामसभेचे नाव आणि कंत्राटदाराचा व्यवहार असे चित्र दिसते, कारण हक्काचा कागद अल्पावधीत मिळू शकतो, अभ्यासगटाची सवय मात्र मिळत नाही. मेंढ्याने २०१३ साली १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीनही ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचे ठरवले, त्या वाटेने फार गावे गेली नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावने २०१२ साली सुमारे हजार हेक्टरांवर हक्क मिळवून बांबू विक्रीतून गावातच रोजगार उभा केला. तेंदूपत्त्याची तोडणी मात्र बंद ठेवली, कारण चांगल्या पानासाठी झुडपे छाटावी लागतात आणि जंगलात आग लावली जाते.