ठासणीच्या बंदुकीच्या धातुभागांचे पृष्ठसंस्करण

नळीच्या तोंडातून दारू व गोळी घालून ती गजाने ठासावी लागणाऱ्या बंदुकीस ठासणीची बंदूक म्हणतात. तिची नळी, घोडा, चाप, स्क्रू व पितळी जोडकाम यांवर घडणीनंतर केल्या जाणाऱ्या घासाई, कठिणीकरण व रंगकामास पृष्ठसंस्करण म्हणतात. हे काम केवळ शोभेचे नव्हे. काळी दारू जळल्यावर उरणारे पोटॅशियमचे क्षार व गंधकाची संयुगे ओलावा धरून ठेवतात आणि उघडे लोखंड लवकर गंजते.

इतिहास

अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त नळ्या साफ करण्याच्या एका चाकाचे वर्णन आहे. पूर्वी एका नळीस धट्टाकट्टा माणूस बराच वेळ लागे. गाय जुंपलेल्या या चाकाने थोड्या वेळात सोळा नळ्या साफ होत. लोखंडी पट्टी तिरकी गुंडाळून नळी घडवण्याची रीतही तेथे दिली आहे. अशा नळ्यांचे थर हिराकशीसारख्या द्रावणाने उठून दिसत. त्या नक्षीस जौहर म्हणतात. सोन्या-चांदीची तार ठोकून केलेल्या कामास कोफ्तगिरी असे नाव आहे.

नळीचे तपकिरीकरण

नळी लांबीच्या दिशेने कानशीने सपाट करून पॉलिश पेपरने घासतात. मग चुन्याने तेलकटपणा काढून लोहक्षारांचे सौम्य आम्लयुक्त द्रावण पातळ पुसतात. तोंड व कान बंद ठेवतात, कारण ही क्रिया नळीच्या आतून करीत नाहीत. काही तासांनी येणारा तांबूस गंज तारेच्या ब्रशने खरडून हेच अनेकदा करतात. प्रत्येक वेळी नळी पाण्यात उकळल्यास तांबडा गंज काळ्या लोह-ऑक्साइडात बदलतो व निळसर काळा रंग येतो. अखेरीस सोड्याच्या गरम पाण्याने आम्ल मारून तेल किंवा मेण लावतात.

या क्रियेत हवामानाचा वाटा मोठा आहे. कोकणातील पावसाळी हवा आपोआप गंज आणते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील सिन्नरसारख्या कोरड्या तालुक्यात मात्र उन्हाळ्यात नळी पाण्याच्या भांड्यासह बंद पेटीत ठेवावी लागते. पेटीत थेंब साचल्यास पृष्ठभागावर खड्डे पडतात.

इतर भाग

चकमकीच्या बंदुकीत गारगोटी ज्या पोलादी पट्टीवर आदळते ती मऊ राहिली तर ठिणगीच पडत नाही. म्हणून ती हाडांच्या व चामड्याच्या कोळशासह बंद डब्यात तापवून पाण्यात विझवतात. नळीचे असे कठिणीकरण कधीही करीत नाहीत. ठिसूळ नळी बार उडताना फुटू शकते. स्क्रू सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की निळे होतात.

जतन व कायदा

जुन्या बंदुकांवरील मूळ थर घासून चकचकीत करणे ही संग्राहकांची नेहमीची चूक होय. त्यासोबत जौहर व कोफ्तगिरी कायमची जाते. भारतात बंदूक बनविण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो. पीकसंरक्षणार्थ ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद याच अधिनियमात आहे.