लेखनिकाच्या गावात लेखनिकालाच बाहेर काढतात तेव्हा

पोस्ट थोडी लांब झालीय, पण ज्यांच्या घरात कॉलेजात जाणारं लेकरू आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचाच.

आपल्या नेवाशाची ओळख म्हणजे पैस खांब. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. त्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर महाराजांनी गीतेचा अर्थ सांगितला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण सांगितलेलं लिहून घेतलं कुणी? सच्चिदानंद बाबांनी. ग्रंथाच्या शेवटी त्यांचा उल्लेख आदरानं आलाय. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा. तरी सातशे वर्षांत कुणी म्हटलं नाही की ज्ञानेश्वरी माउलींची नाही.

आता माझ्यासमोर घडलेली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात शिकणारी मुलगी. नजर फार कमी. परीक्षेला लेखनिक घेऊन गेली, तर केंद्रावर तिला अडवलं. "परवानगी कुठंय? दोघं वर्गात बोलत बसणार म्हणजे ती कॉपीच की." लेखनिकाला परत पाठवलं. पोरीनं पेपर डोळ्याला लावून जमेल तेवढं लिहिलं. विषय राहिला.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील माझ्याकडं आले. मी दोन कॉलम बातमी लावली. कॉलेजनं खुलासा दिला, अर्जच आला नाही. आणि ते खरंही होतं. वडिलांनी तीन आठवडे आधी ऑफिसात तोंडी सांगितलं होतं. "होऊन जाईल," असं उत्तर मिळालं, माणूस विश्वासानं घरी आला. हातात कागद नाही, पोच नाही. कुटुंबाची इच्छा नाही म्हणून नावं देत नाही. पण मलाही तेव्हा सुचलं नाही की त्यांना म्हणावं, काका, आधी लेखी तक्रार द्या, बातमीचं नंतर बघू. हे मला आजही खटकतं.

म्हणून हा तक्रारीचा हक्क आला कुठून, ते शोधत गेलो.

अमेरिकेत १९७३ साली कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेनं अपंगत्वामुळं कुणाला डावलायचं नाही. पण अंमलबजावणीचे नियम सरकारनं चार वर्षं लटकवून ठेवले. शेवटी एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत व्हीलचेअरवरची, अंध, कर्णबधिर माणसं सरकारी कचेरीत शिरली आणि तीन आठवड्यांहून जास्त तिथंच मुक्काम ठोकून बसली. तेव्हा कुठं नियमांवर सही झाली. त्या नियमांत एक बारीक दिसणारी पण मोठी गोष्ट होती. पंधरा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या संस्थेनं यासाठी एक जबाबदार माणूस नेमायचा आणि तक्रारीची पद्धत ठरवायची.

आपल्याकडं संसदेनं डिसेंबर १९९५ मध्ये कायदा केला. त्यासाठीही दिव्यांगांना दिल्लीत रस्त्यावर उतरावं लागलं होतं. शिक्षणात तीन टक्के जागा आल्या. पण तक्रार करायची तर राज्याचे आयुक्त पुण्यात. पेपर हुकलेल्या पोरानं नेवासा फाट्यावरून एसटी धरून पुणं गाठायचं का?

पुढं २०१६ चा कायदा आला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा आल्या. आणि कलम २३ नं नोकरीतल्या भेदभावाची तक्रार दारापाशी आणली. सरकारी आस्थापनेनं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, तक्रारींची नोंदवही ठेवायची, दोन आठवड्यांत चौकशी करायची. समाधान नाही झालं तर जिल्हास्तरीय समिती. आणि या कायद्यात सरकारी अनुदान घेणारी संस्थाही सरकारी आस्थापनेतच मोडते.

लेखनिकाचंही तसंच. केंद्र सरकारच्या २०१३ आणि २०१८ च्या सूचनांत तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ सांगितलाय. तीन तासांच्या पेपरला एक तास. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं आणखी पुढं जाऊन सांगितलं की लिहिताना खरोखर अडचण असेल तर चाळीस टक्क्यांची अट घालून लेखनिक नाकारता येणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबई हायकोर्टातून वर गेलेलं 'नीट'चं प्रकरण आलं. एका विद्यार्थिनीला जादा तास मिळालाच नव्हता. कोर्टानं फेरपरीक्षा दिली नाही, पण परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला ठणकावलं की झालेला अन्याय कसा भरून काढणार ते आठवड्यात ठरवा.

शेवटचा टप्पा एप्रिल २०२३ चा. यूजीसीच्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. तिनं पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. तो पटला नाही तर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडं अपील. दिव्यांग विद्यार्थ्याशी झालेला भेदभाव या तक्रारींत स्पष्ट धरलाय.

आता मुद्द्याचं. शिस्तीचे नियम प्रत्येक कॉलेजात माहीत असतात. मोबाईल आणू नका, बोलू नका, कॉपी केली तर काय होईल. प्रवेशाच्या वेळी पोरांकडून त्यावर सह्या घेतात. घ्याव्यातच, कॉपी थांबलीच पाहिजे. पण तक्रार अधिकाऱ्याचं नाव किती पोरांना ठाऊक आहे? वर्गावरच्या पर्यवेक्षकाला फक्त पहिले नियम ठाऊक असले, तर लेखनिक त्याला गुन्हेगारच दिसणार. त्या दिवशी तेच झालं.

म्हणून विनंती. परीक्षेचा फॉर्म भरतानाच लेखनिक आणि जादा वेळेचा अर्ज लेखी द्या. दिव्यांग प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडा. दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घ्या. "होऊन जाईल" म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नकार दिला तर तोही लेखी मागा. प्राचार्य आणि प्राध्यापक मंडळींनाही हात जोडून सांगणं, समितीची नावं नोटीस बोर्डावर लावा आणि परीक्षेआधी पर्यवेक्षकांना पाच मिनिटं हे समजावून सांगा.

ती मुलगी पुढच्या वेळी लेखी अर्ज देऊन, लेखनिक घेऊन बसली आणि पास झाली. पण तिचं एक वर्ष गेलं. ते माझ्या बातमीनं परत आलं नाही.

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर त्यांच्यापर्यंत हे पोचवा. अर्ज कसा लिहायचा कळत नसेल तर मला फोन करा, बसून लिहू.