रूबेलचं मूळ नाव

आम्ही राहतो त्या न्यू जर्सीत घरामागे ब्लूबेरी लावायची म्हटलं, की जाणकार तीन गोष्टी हमखास सांगतात. माती आम्लधर्मी हवी. दोन वेगळ्या जातींची झुडपं जवळजवळ लावावीत. कुंडी हिवाळ्यात उबदार घरात आणू नये. हे सारं माणसाला कळून जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षं झाली. त्याआधी ब्लूबेरी रानातून वेचून आणायची, तिची लागवड होत नाही, अशीच समजूत होती.

अमेरिकी कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९०६ मध्ये प्रयोग सुरू केले. १९१० मध्ये त्यांची पुस्तिका निघाली. भाजीपाल्याला मानवणारी चुना घातलेली कसदार जमीन ब्लूबेरीला सोसत नाही, हे त्यांनी दाखवलं. आजच्या भाषेत, तिला साधारण ४.५ ते ५.५ सामूची माती लागते. सिमेंटच्या पायालगत लावलेल्या झुडपाची पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ते यामुळेच. पायातला चुना मातीत झिरपतो आणि मुळांना लोह घेता येत नाही. स्वतःच्याच परागावर फळ नीट धरत नाही आणि हिवाळाभर उबेत ठेवलेलं झुडूप वसंतात फुटत नाही, हेही कोव्हिल यांनीच दाखवलं.

पण शास्त्र कळलं तरी मोठ्या फळांची झुडपं कुठून आणायची? ती पुस्तिका वाचून एलिझाबेथ व्हाइट यांनी कोव्हिल यांना पत्र लिहिलं. दक्षिण न्यू जर्सीतल्या पाइन बॅरन्स या पाइनच्या रानात, व्हाइट्सबॉगला, त्यांच्या घरची क्रॅनबेरीची शेती होती. त्यांनी जमीन देऊ केली आणि रानातल्या माणसांना कामाला लावलं. ५/८ इंचाचं भोक असलेली मापाची पट्टी त्यांच्या हाती दिली. त्या भोकातून न जाणारं फळ ज्या झुडपावर मिळेल, त्याचे पैसे आणि शोधणाऱ्याचं नाव त्या झुडपाला. १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं.

याच वर्षांत या रानातल्या लोकांबद्दल, म्हणजे 'पायनीं'बद्दल, वेगळंच लिहिलं जात होतं. १९१३ मध्ये एलिझाबेथ काइट यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात त्यांच्या वंशावळी मांडून मंदबुद्धी आणि अनीती रक्तातून उतरते, असं चित्र उभं केलं होतं. त्याच साली गव्हर्नर जेम्स फील्डर यांनी तिथे दौरा केला आणि या लोकांना समाजापासून वेगळं ठेवण्याची भाषा सुरू झाली. एकीकडे त्यांच्या रक्तात खोट शोधली जात होती. दुसरीकडे, उत्तम वाणाचं झुडूप हजारोंतून ओळखावं ते त्यांनीच.

व्हाइट यांनी त्यांना श्रेय दिलं, हे मला मोलाचं वाटतं. पण तेही जरा कातरूनच. सर्वांत गाजलेलं झुडूप रूब लीक यांनी शोधलेलं. 'रूब' म्हणजे गावंढळ आणि 'लीक' म्हणजे कांद्याच्या जातीची भाजी. हे नाव फळाला शोभणार नाही, म्हणून ते 'रूबेल' झालं.

रूबेल आजही लावतात. रूबेल आणि ग्रोव्हर या दोन रानझुडपांच्या संकरातून 'जर्सी' ही जात आली. जर्सीच्या वंशातूनच १९५२ मध्ये 'ब्लूक्रॉप' आली. घरच्या बागेसाठी ही जात बहुतेक नर्सऱ्यांत मिळते. तिच्या चिठ्ठीवर माती, ऊन, पाणी यांची सगळी माहिती असते. रूब लीक यांचं नाव मात्र नसतं.