ड्रमचे पान : कातडे ते मायलर

१/ जळगाव-धुळ्याच्या वरातीत बँडचा साइड ड्रम आणि ताशा लक्ष देऊन ऐका. दोन्ही काड्यांनीच वाजतात, तरी नाद निराळे. असे का? हा धागा त्या वाद्यांवर ताणलेल्या पडद्याचा, म्हणजेच पानाचा.

२/ ताशाच्या भांड्यावर एकच पान असते. युरोपीय पायदळातून आपल्याकडे आलेल्या साइड ड्रमला दोन. वरच्या पानावर काडी पडते. खालच्या पातळ पानाला टेकलेल्या तारा थरथरतात आणि ‘तर्र’ उमटते. पूर्वी तारांच्या जागी आतड्याची तात असे.

३/ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही पाने कातड्याची होती. कातडे ओल शोषून सैल पडते, सूर उतरतो; उन्हात आखडते, सूर चढतो. खानदेशचा वैशाख आणि श्रावण या दोन्ही ऋतूंशी वादकाला झुंजावे लागे. हलगी-ताशे विस्तवावर शेकण्याची रीत त्यातूनच आली.

४/ १९५६-५७ च्या सुमारास अमेरिकेत चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांनी मायलर या पॉलिएस्टर पडद्याची पाने बाजारात आणली. त्यांना ओल बाधत नाही.

५/ मग प्रयोगांना वाव मिळाला. एकपदरी पान मोकळे, लांब घुमणारे. दुपदरी आखूड, भरदार आणि टिकाऊ. खरखरीत लेपाने नाद मऊ होतो. ड्रम तोच, पान बदलले की आवाज बदलतो.

६/ ही जिज्ञासा केवळ पाश्चात्त्य नव्हे. तबला-मृदंगावरील शाईमुळे उपस्वर सुरेल कसे होतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्येच ‘नेचर’मध्ये मांडले होते. शाईची युक्ती मात्र त्याहून कितीतरी जुनी, अनाम कारागिरांची.

७/ कोणते कातडे निवडावे, किती भिजवावे, विस्तवापासून किती अंतरावर धरावे, हे ज्ञान मढवणाऱ्यांच्या हातात होते. वाद्य देवापुढे वाजले. कातडे कमावणाऱ्याला मात्र समाजाने उंबरठ्याबाहेर ठेवले. त्याची विद्या लिहून ठेवावी, असे फारसे कुणाला वाटले नाही. आता मायलरपुढे तिची गरजही ओसरते आहे.

८/ धुळ्यात १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ जुने कागद जपत आले आहे. नाद जपण्याचे काम आपण करू शकतो. गावातील वृद्ध वाजंत्र्याला विचारा : ‘बाबा, पान कसे मढवत होता?’ उत्तर ध्वनिमुद्रित करा, त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या नावानिशी. तेही इतिहासाचे अस्सल साधनच आहे.