वनौषधी व वैद्यांचे अधिकार, मावळातील

वनस्पतिज औषधिद्रव्ये गोळा करणे, त्यांपासून औषध सिद्ध करणे आणि ते रोग्यास देणे ही तिन्ही कामे परंपरेने बहुधा एकच व्यक्ती करीत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ती वेगवेगळ्या कायद्यांच्या कक्षेत आली. वनस्पतीचा संबंध वनकायद्याशी, औषधनिर्मितीचा औषधविषयक कायद्याशी व चिकित्सेचा नोंदणीच्या कायद्याशी जोडला गेला. वैद्यांसाठी या कायद्यांत वेळोवेळी अपवाद ठेवण्यात आले. मात्र वैद्य कोणास म्हणावे, हे सर्वत्र सारख्या रीतीने ठरविले गेले नाही. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात या अपवादांचे महत्त्व व त्यांची मर्यादा ही दोन्ही दिसून येतात.

प्रदेश व परंपरा : इंद्रायणी, पवना व आंद्रा या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेला मावळ प्रदेश पश्चिमेस सह्याद्रीच्या घाटमाथ्याला भिडलेला आहे. लोणावळा–खंडाळा परिसरात वर्षाला ४०० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस तळेगावकडे त्याचे प्रमाण झपाट्याने घटते. त्यामुळे थोड्या अंतरात निमसदाहरित व पानझडी अशी दोन्ही प्रकारची वने आढळतात. हिरडा, बेहडा, आवळा, कुडा, गुळवेल, शतावरी, अनंतमूळ, अडुळसा, निर्गुडी इ. औषधी वनस्पती या भागात मिळतात. महादेव कोळी, ठाकर, कातकरी, धनगर इ. समाजांतील जाणत्या व्यक्ती, सुइणी व हाड बसविणारे यांच्याकडे या वनस्पतींचे ज्ञान तोंडी परंपरेने आलेले आहे. संस्कृत ग्रंथांच्या आधारे चिकित्सा करणाऱ्या शास्त्री वैद्यांची परंपरा याहून वेगळी होय. पुढील काळातील कायद्यांचा परिणाम या दोन परंपरांवर सारखा झाला नाही.

वनकायदा : १८७८ च्या कायद्याने वनांचे राखीव व संरक्षित असे वर्गीकरण करून सरकारी नियंत्रण दृढ केले. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार राखीव वनातून परवानगीविना कोणतेही वनोत्पादन गोळा करणे अथवा नेणे हा अपराध ठरतो. सर्वसाधारण झाडपाला, फुले, फळे, वेली, मुळे इ. वनात सापडली अथवा वनातून आणली, तरच ती वनोत्पादन मानली जातात; पण हिरडा हा लाख, कात, मोहाची फुले इत्यादींबरोबर वनात असो वा नसो, वनोत्पादनच होय, असे अधिनियमाच्या व्याख्येत म्हटले आहे. कातडी कमावण्यासाठी हिरड्याला ब्रिटिश काळात मोठी मागणी होती. अशा रीतीने त्रिफळ्यातील एक प्रमुख द्रव्य मालकीच्या शेताच्या बांधावर पिकले, तरी त्याच्या वाहतुकीवर वनखात्याचे नियंत्रण येऊ शकले.

नोंदणी : १९१२ च्या मुंबई वैद्यकीय अधिनियमाने पाश्चात्त्य वैद्यकाच्या पदवीधरांची नोंदणी सुरू झाली. देशी वैद्यांना चिकित्सा करण्यास त्याने मनाई केली नाही. तथापि नोंदणीमुळे मिळणारी कायदेशीर मान्यता त्यांच्या वाट्यास आली नाही. तत्पूर्वी १९०७ मध्ये शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने नासिक येथे वैद्यांचे अखिल भारतीय संमेलन भरले होते व वैद्यांच्या संघटनेस प्रारंभ झाला होता. मुंबई प्रांतात १९३८ च्या कायद्याने आयुर्वेदीय व युनानी चिकित्सकांच्या नोंदणीची तरतूद केली. देशातील अशा आरंभीच्या कायद्यांत त्याची गणना होते. परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांसाठी नोंदपुस्तक, तर पूर्वीपासून व्यवसाय करणाऱ्यांसाठी स्वतंत्र यादी, अशी त्यात व्यवस्था होती. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम (१९६१) या कायद्याने पुढे नोंदणीविना व्यवसाय करण्यास प्रतिबंध केला.

भारतीय वैद्यक केंद्रीय परिषद अधिनियमात (१९७०) एक महत्त्वाचा अपवाद होता. ज्या राज्यात नोंदपुस्तक नव्हते, तेथे किमान ५ वर्षे व्यवसाय केलेल्या व्यक्तीचा चिकित्सेचा अधिकार त्याने अबाधित ठेवला. महाराष्ट्रात नोंदपुस्तक आधीपासून असल्यामुळे येथील अनोंदित चिकित्सकांना या अपवादाचा आधार नव्हता. नोंदणी लवकर सुरू झाल्याचा लाभ शास्त्री वैद्यांना झाला. ज्यांना अर्ज करणे वा व्यवसायाचा पुरावा सादर करणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी मात्र वाट बंद झाली. केरळमधील परंपरागत वैद्यांच्या प्रकरणात मान्य अर्हता व नोंदणी नसलेल्यांना चिकित्सेचा अधिकार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. १९७० च्या अधिनियमाची जागा पुढे २०२० च्या नव्या अधिनियमाने घेतली.

औषधनिर्मिती : मुंबई दारूबंदी अधिनियमातील (१९४९) मद्याची व्याख्या इतकी व्यापक होती, की मद्यार्कयुक्त औषधेही तीत येत. फ. न. बलसारा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी मद्यार्कयुक्त औषधी व प्रसाधनी द्रव्यांवरील बंदी अवैध ठरविली. ही याचिका वैद्याची नव्हती. परंतु आसवे व अरिष्टे यांत किण्वनाने मद्यार्क आपोआप निर्माण होत असल्याने वैद्यांच्या दृष्टीनेही हा निर्णय महत्त्वाचा ठरला. १९५२ च्या दुरुस्तीने मद्य म्हणून पिण्यास अयोग्य असलेली औषधे बंदीतून वगळण्यात आली.

औषधविषयक १९४० च्या अधिनियमात आयुर्वेदीय व युनानी औषधांसाठी १९६४ मध्ये स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले व विक्रीसाठी निर्मिती करण्यास परवाना आवश्यक झाला. बोरघाटाच्या पायथ्याकडील पनवेलमध्ये कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये धूतपापेश्वर हा औषधनिर्मितीचा उद्योग स्थापन केला होता. अशा कारखान्यांच्या उत्पादनावर देखरेख ठेवणे भेसळ व विषारी द्रव्यांचा गैरवापर टाळण्यासाठी आवश्यकच होते. वैद्य व हकीम यांनी स्वतःच्या रोग्यांसाठी केलेल्या औषधास मात्र परवान्याची अट लागू नाही. १९८२ च्या दुरुस्तीनंतरही कलम ३३-ईईसीमध्ये हा अपवाद कायम राहिला.

वनहक्क व जैवविविधता : पेसा कायद्यास (१९९६) अनुसरून महाराष्ट्राने १९९७ मध्ये केलेला गौण वनोत्पादनाच्या मालकीविषयीचा कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता होता. पुणे जिल्ह्यात हे क्षेत्र आंबेगाव व जुन्नर तालुक्यांच्या काही भागांत आहे. मावळ त्याबाहेर राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्यास ही मर्यादा नाही. त्यातील गौण वनोत्पादनाच्या व्याख्येत औषधी वनस्पती, मुळे व कंद यांचा स्पष्ट उल्लेख असून पारंपरिक ज्ञानावरील सामूहिक हक्कही त्यात मान्य केला आहे. वाहतूक परवाना देण्याचे काम २०१२ च्या नियमदुरुस्तीने ग्रामसभेने नेमलेल्या समितीकडे आले. तथापि हे हक्क दावा मान्य झाल्यावरच प्रत्यक्षात येतात. अनुसूचित जमातींखेरीज इतर वननिवासींना त्यासाठी तीन पिढ्यांचे म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते.

जैविक विविधता अधिनियमाच्या (२००२) कलम ७ नुसार स्थानिक लोक, तसेच देशी वैद्यक आचरणारे वैद्य व हकीम यांना वनस्पती मिळविण्यासाठी राज्य मंडळास पूर्वसूचना देण्याची गरज नव्हती. २०२३ च्या दुरुस्तीने ही सवलत चालू ठेवून तीत नोंदणीकृत आयुष चिकित्सकांचा समावेश केला. मात्र चिकित्सकांच्या बाबतीत उदरनिर्वाहासाठीचा व्यवसाय ही मर्यादाही घातली.

समालोचन : नियंत्रण अनाठायी आहे, असे म्हणता येत नाही. कर्करोगावरील औषधांसाठी लागणाऱ्या कँप्टोथेसिन या द्रव्याकरिता सह्याद्रीत नरक्याची बेसुमार तोड झाली. सर्पगंधेचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९० पासून साइट्‌स कराराच्या नियंत्रणाखाली आहे. परंतु व्यापारासाठी होणारी तोड व रोग्यासाठी आणलेली मूठभर साल यांत फरक करणे अगत्याचे आहे. औषध करण्याची मुभा असून वनस्पती हाती येत नसेल, तर ती मुभा निरुपयोगी ठरते. याउलट मावळातील जाणत्यास वनहक्क कायद्याने वनस्पती गोळा करण्याचा हक्क मिळू शकतो. पण त्याच वनस्पतीने चिकित्सा करण्याचा अधिकार नोंदणीच्या कायद्यामुळे त्यास नाही. गोळा करणारा, सिद्ध करणारा व देणारा एकच असतो, हे लक्षात घेऊन या तरतुदींचा मेळ घातला गेला नाही, तर ग्रंथांत नमूद झालेले ज्ञान टिकेल. केवळ तोंडी चालत आलेले ज्ञान मात्र ते जाणणाऱ्या व्यक्तींबरोबरच लोप पावण्याचा संभव आहे.