व्यक्तिनामे, मराठी
मराठी समाजात माणसाला जन्मानंतर दिले जाणारे स्वतःचे नाव. बारसे रूढीने बाराव्या दिवशी होते आणि बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा असतो. पत्रिकेतले ‘नावरस’ नाव वेगळे. २७ नक्षत्रांच्या प्रत्येकी चार, अशा १०८ चरणांना अक्षरे नेमलेली असून जन्मचरणाच्या अक्षरावरून ते काढतात. धार्मिक कार्याखेरीज त्याची आठवण क्वचितच होते.

जुन्या नावांत देवतांची नावे सर्वाधिक. खंडोबावरून खंडू, मार्तंड, मल्हारी. विठ्ठलावरून पांडुरंग, विठाबाई. हाक मारता मारता नामस्मरण घडावे, हा त्यामागचा भाव. पिराच्या नवसानेही नावे पडत. शहाजी आणि शरीफजी या भोसले बंधूंची नावे अहमदनगरच्या शाह शरीफ पिरावरून ठेवल्याची परंपरा आहे.

धोंडू, दगडू, केरू, उकिर्डा, भिकाजी ही नावे मात्र शब्दशः घेतल्यास फसायला होते. मुले जगत नसलेल्या घरात पुढच्या मुलाला दृष्ट लागू नये, मृत्यूनेही त्याला क्षुल्लक समजून सोडून द्यावे, म्हणून मुद्दाम हीन नाव ठेवत. कोठे बाळ उकिरड्यावर क्षणभर ठेवून उचलून आणत, कोठे ते भीक म्हणून मागून घेतल्यासारखे करत. नाव जितके टाकाऊ, तितका तो जीव नवसासायासाचा. पुण्याच्या ज्या गणपतीपुढे आज सोन्याचे अलंकार अर्पण होतात, त्याच्या नावातला ‘दगडूशेठ’ याच जातीचा.

‘नकुशी’ या नावाला ही पळवाट नाही. मुलाची वाट पाहत असता मुलगीच झाली की ‘नकोशी’ म्हणून ते ठेवत, आणि येथे अर्थ शब्दशःच होता. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींना प्रशासनाने समारंभपूर्वक नवी नावे दिली.

एकाच नावाची रूपे वापरणाऱ्याचे नाते सांगतात. तुकारामाचा लाडाने तुका, आदराने तुकोबा, रागाने तुक्या होतो. राव, पंत, शेट या जोडांतून प्रतिष्ठा, पेशा आणि पुष्कळदा जातही कळे. नाना, तात्या, अण्णा ही घरगुती संबोधने तर मूळ नाव पार झाकून टाकतात. नाना फडणवीस यांचे नाव बाळाजी जनार्दन होते, हे वेगळे सांगावे लागते.

स्त्रीचे नाव लग्नात बदलण्याची प्रथा अनेक समाजांत होती. मनकर्णिकेची लक्ष्मीबाई झाली, यमुनेची आनंदीबाई जोशी. नावापुढे वडिलांऐवजी पतीचे नाव येई. आईचे नाव कोठेच नसे. सातवाहन राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी मातृनामे शिलालेखांत मिरवत, पण पुढे ती रीत उरली नाही. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ मधील निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरला आहे.